शेवाळ म्हणायचं नाही

ब्रह्मपुरीत आमच्या थोरल्या काकांइतका शांत माणूस नव्हता, आणि त्यांना पेटवायला एकच शब्द पुरायचा: शेवाळ. काका कॉलेजात बायोलॉजी शिकवायचे. धानाच्या बांधीतल्या, म्हणजे भातखाचरातल्या हिरव्या पाण्याला कोणी शेवाळ म्हणालं की संपलंच. "शेवाळ नाई, जिवाणू हाय ते. एका पेशीच्या दोन झाल्या अन् दोघी वेगळ्या झाल्याच नाई. एकत्र कुटुंब तिथून सुरू झालं, समजलं?" एकदा गडचिरोलीच्या वाटेवर दारूबंदीच्या तपासणीत बसमध्ये चढलेल्या पोलिसाला त्यांच्या पिशवीत त्याच हिरव्या पाण्याची बाटली सापडली. त्यानं झाकण उघडून वास घेतला, तोंड वाकडं केलं. "सर, हे शेवाळ कुठी घेऊन चालले?" झालं. काकांनी मायक्रोस्कोप काढला आणि सगळी बस खोळंबवून त्याला पाण्यातल्या पेशींची, हिरव्या मण्यांसारखी माळ दाखवली. तो बिचारा नुसता "हौ सर, हौ सर" करत होता.

त्या माळेत मधूनमधून एक फुगीर, फिक्कट पेशी असते. ती हवेतला नत्र धरून शेजारणींना पोसते. तिची स्वतःची मात्र पुढे वाढ नाही, लेकरं नाहीत. ती दाखवताना काकांचा आवाज खाली यायचा. आजोबा गेल्यावर आधी भावांची शिक्षणं, मग आम्हा पुतण्यांची, यात त्यांचं लग्न राहूनच गेलं होतं. विषय काढला की म्हणायचे, "फिक्कट पेशीले परत हिरवं होता येत नाई, बाबू." मला फार वाईट वाटायचं.

काकांच्या पन्नाशीत गडचिरोलीच्या एका विधवा नर्सबाईंचं स्थळ आलं. आईनं हट्टानं त्यांना चहाला बोलावलं. काकांनी चहाच्या आधी मायक्रोस्कोप मांडला. मी कपाळाला हात लावला. बाई डोळा लावून बघत होत्या आणि काका फिक्कट पेशीचं सगळं सांगत होते, परत हिरवं न होण्यासकट. नकार द्यायची ही त्यांची रीत.

बाई मान वर न करता म्हणाल्या, "तिले येत नसन. पण सर, तुम्ही शेवाळ आहा का?"

आईच्या हातातला ट्रे थांबला. आम्ही स्फोटाची वाट बघत बसलो. काकांचे कान लाल झाले. शेवटी म्हणाले, "चहा थंडा होऊन राह्यला." शब्द दुरुस्त केला नाही, तेव्हाच आम्ही समजलो.

बुद्धविहारात लग्न लागलं. काका आता गडचिरोलीला असतात, मजेत आहेत, फोनवर चक्क हसतात. परवा मी बांधीवर गेलो होतो. पाणी तसंच हिरवंगार. मुद्दाम मोठ्यानं "शेवाळ" म्हणून पाहिलं. कोणीच भांडायला आलं नाही.