आपल्या माणसाविरुद्ध बोलणारे सुंदरराव

सुंदरराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या आमच्या क्वार्टर्सच्या फाटकाशी पाण्याच्या लॉरीवाल्याशी तावातावानं भांडत होतो. त्यानं आमच्या रांगेचं पाणी पुढच्या रांगेला देऊन टाकलं होतं आणि वर माझ्याकडे बघून हसत होता. बायको आतून मोबाइल घेऊन धावत आली. पलीकडे कमलावहिनी होत्या, सुंदररावांच्या पत्नी. म्हणाल्या, "माने, हे गेले. पहाटेस गेले." एवढंच. लॉरीवाला पुढे काय बोलला ते मला ऐकूच आलं नाही. आवडीहून लोकल धरून जॉर्ज टाउनला त्यांच्या घरी पोचेपर्यंत डोक्यात एकच गोष्ट घोळत होती आणि ती त्यांच्या जाण्याची नव्हती, हे सांगायला लाज वाटते. मी मनाशी म्हणत होतो, सहा वर्षं सांगायचं सांगायचं म्हणून राहिलं, ते आता राहिलंच...

रग्बी म्हटलं की आपल्याकडे अजून लोक विचारतात, तो अंड्यासारखा चेंडू ना? तोच. मी फौजेत शिकलो, नंतर आवडीच्या कारखान्यात लागलो आणि तिथं क्वार्टर्समधल्या पोरांना शिकवू लागलो. सुंदररावांची भेट मैदानावरच झाली. ते पंच होते, मी खेळाडू. त्यांनी माझ्याविरुद्ध शिट्टी वाजवली तेव्हा माझं डोकं फिरलं आणि मद्रासेत कुणाला कळतंय म्हणून मी मराठीतून एक सणसणीत शिवी हासडली. हा काळासावळा, कपाळावर अंगारा लावलेला, बुटका माणूस शांतपणे माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "शिवी समजली मज. आतां दहा मीटर मागें चला." पंचाशी हुज्जत घातली की सगळा संघ दहा मीटर मागे, असा नियमच आहे. पण ती शिक्षा मराठीतून मिळाल्यावर मी असा गार पडलो की बस. ते तंजावरचे मराठी. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी इकडे आले आणि भाषाही तेव्हाचीच घेऊन राहिले, वरून तमिळ हेल. मी त्यांना चिडवायचो, "राव, तुमचं मराठी म्हणजे जुन्या पोथीतलं." ते म्हणायचे, "आणि तुमचें पोथींत घालण्याजोगें नोहे." सामना संपल्यावर त्यांनी मला घरी नेऊन जेवू घातलं. त्या दिवसापासून मी त्यांचा झालो.

बंदरावरच्या कचेरीत त्यांनी साधी नोकरी केली, पण काशिमेडूच्या कोळीवस्तीतली पोरं गोळा करून वाळूत रग्बी शिकवण्यात उभी हयात घालवली. पुढे देशाच्या संघाच्या निवड समितीवर गेले, अध्यक्ष झाले आणि मलाही त्यांनीच ओढून नेलं. तिसरे कलकत्त्याचे सेनसाहेब. निवड म्हणजे काय प्रकार असतो हे बाहेरच्याला कळायचं नाही. जो तो आपल्या गावचं, आपल्या क्लबचं घोडं पुढे दामटतो. सुंदररावांच्या आधी त्या खोलीत लोक एकमेकांची गचांडी धरेपर्यंत गेले होते. रावांनी पहिल्याच बैठकीत एक रिवाज पाडला. ज्याचा खेळाडू, त्यानं त्याच्याविरुद्ध बोलायचं. बाजू दुसऱ्यानं मांडायची. मी म्हटलं, "राव, हे काय भलतंच?" तर म्हणाले, "गुण काय, सारेच सांगतात, माने. दोष आपणासच ठावे असतात. ते आपण न सांगतां कोण सांगणार?" आम्ही हसलो. पण दोन वर्षांत त्या खोलीतला आरडाओरडा थांबला, हेही खरं.

आता ते सांगतो. पाच दिवसांचं शिबिर चेन्नईतच झालं होतं. सव्वीस जण निवडायचे होते, परदेश दौऱ्यासाठी. दुपारपर्यंत पंचवीस नावं ठरली. उरली एक जागा, नऊ नंबरच्या राखीव खेळाडूची. दोन्हीकडचे आठ-आठ गडी खांद्याला खांदा भिडवून रेटतात, त्या घोळक्यातून चेंडू काढून मागच्यांच्या हातात देतो तो नऊ नंबर. चपळ लागतो आणि डोकं ठिकाणावर लागतं. त्या जागेला दोघेच होते. एक सेल्वम, सुंदररावांचा. सातव्या वर्षापासून त्यांच्या हाताखाली वाढलेला, बाप समुद्रात गेलेला. रावांना मूलबाळ नव्हतं, तेव्हा हा कोण होता ते मी वेगळं सांगत नाही. दुसरा संजय, माझा. आमच्याच रांगेतल्या सोलापूरकर शेजाऱ्यांचा. आवडीच्या क्वार्टर्समधून देशासाठी खेळणारा पहिला मुलगा, मराठी मुलगा, मी घडवलेला... मला रात्रंदिवस दुसरं काही सुचत नव्हतं.

रिवाजाप्रमाणे आधी राव बोलले, सेल्वमविरुद्ध. कॉफीचा टंबलर बाजूला सारला आणि टेबलाकडे बघत म्हणाले, "त्याचा उजवा खांदा दोन वेळां निखळला आहे. शिबिराच्या कागदांत हें नाहीं. एकदां मीच बसविला." सेनसाहेबांनी पेन खाली ठेवलं. ही गोष्ट रावांखेरीज आणि सेल्वमखेरीज कुणालाही ठाऊक नव्हती. ते बोलले नसते तर कधीच कळली नसती. मी सेल्वमची बाजू मांडली, म्हणजे चार बरे शब्द बोललो. मग माझी पाळी आली, संजयविरुद्ध बोलायची.

मी काय बोललो? उशिरा येतो. डाव्या हाताचा पास कच्चा आहे. पंचाशी हुज्जत घालतो. सेनसाहेब हसून म्हणाले, "गुरूवर गेलाय." रावही हसले. आणि मला जे बोलायचं होतं ते मी बोललो नाही. तीन आठवड्यांपूर्वी आमच्या मैदानावर संजयच्या डोक्याला कुणाचा तरी गुडघा लागून तो बेशुद्ध पडला होता. दोन दिवस त्याला एका वस्तूच्या दोन दिसत होत्या. डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, तीन महिने मैदानावर पाऊल ठेवायचं नाही. तो कागद माझ्या टेबलाच्या खणात होता. त्याच्या आईला मीच सांगितलं होतं, बोलू नका कुठं. आणि समोर बसलेला तो माणूस आपल्या पोटच्यासारख्या पोराचा खांदा टेबलावर मांडून बसला होता, आणि मी मूग गिळून गप्प! सेनसाहेब म्हणाले, निखळणारा खांदा नको. संजयचं नाव लागलं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

दौऱ्यावरच्या पहिल्याच सामन्यात संजयला परत डोक्याला मार बसला. त्याला परत पाठवलं. पुढे खेळ कायमचा बंद झाला. आता तो शोळिंगनल्लूरला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे, बरा आहे, पण पडद्याकडे बघून डोकं दुखतं म्हणून अजून गोळ्या घेतो. मला 'काका' म्हणतो आणि कधी एका शब्दानं बोलत नाही. त्या वेळी सुंदरराव आवडीला माझ्याकडे आले होते, मला धीर द्यायला! म्हणाले, "आपणास कसें ठावें असणार, माने? मनास लावून घेऊं नका." तेव्हा तरी सांगायचं. नाही सांगितलं. बायकोला म्हटलं, रावांसाठी आणखी एक डोसा टाक.

सेल्वमनं मात्र रावांच्या घरी येणं टाकलं, ते कायमचं. निवडीच्या दिवशी संध्याकाळी राव स्वतः काशिमेडूला जाऊन त्याला सांगून आले होते, मी तुझ्याविरुद्ध बोललो. तीही त्यांची रीतच, वगळलेल्याला पत्र जायच्या आत तोंडावर सांगायचं. सेल्वमला ते सोसलं नाही, असं आम्ही सगळेच धरून चाललो. पुढे तो बंदरात क्रेनवर लागला, रग्बीचं नाव काढीना. रावांनी कधी तक्रार केली नाही. पण हॉस्पिटलात शेवटचा भेटलो तेव्हा त्यांनी उशाशी असलेल्या नर्सला माझी ओळख करून दिली, तमिळमध्ये, की हा माणूस आपल्या माणसाविरुद्धही खरंच बोलतो, असा मी दुसरा पाहिला नाही. मग माझा हात धरून विचारलं, "सेल्वम कोठें असतो? कळलें कां?" मी म्हटलं, "बघतो, राव." आणि त्यांची उशी नीट केली... तेवढंच केलं.

अंत्ययात्रेला सेल्वम आला नाही. तेरावा झाल्यावर मी वहिनींना भेटायला गेलो. त्यांनी आतून एक फडक्यात गुंडाळलेला बुटांचा जोड आणला. खिळ्यांचे बूट, सेल्वमचे. त्याच्या झोपडीत खाऱ्या हवेनं चामडं कुजायचं, म्हणून बूट रावांच्या घरी ठेवायची पद्धत होती. तो गेला, ते इथंच राहिले. वहिनी म्हणाल्या, "महिन्याच्या पहिल्या रविवारीं एरंडेल लावीत बसत. मी म्हणें, तो येणार नाहीं. म्हणत, येईल, तर पायास लागूं नये. आतां तुम्ही नेऊन द्या." सहा वर्षं! मी बूट घेतले आणि तिथल्या तिथं ठरवलं, आज सांगायचं. निदान त्याला तरी.

सेल्वम पाळी संपवून बंदराच्या फाटकातून बाहेर पडत होता. चहाच्या टपरीशी उभं राहून मोडक्यातोडक्या तमिळमध्ये मी सगळं सांगितलं. कागद, खण, दोन दिसणाऱ्या वस्तू. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "मला ठाऊक होतं, सार."

शिबिरात संजयची पावलं चुकत होती ते खेळाडूंनी पाहिलं होतं, आणि संजयनंच सेल्वमला सांगितलं होतं की मानेसारांना माहीत आहे, ते सांभाळतील. निवडीच्या दुसऱ्या दिवशी सेल्वम जॉर्ज टाउनला गेला तो रुसायला नव्हे. रावांना हे सांगायला. "मी म्हटलं, तुम्ही माझा खांदा सांगितलात, बरोबर केलंत, खरंच निखळतो. पण मानेसारांनी त्यांच्या माणसाचं लपवलं. तर रावसार उठून उभे राहिले. मला कधी आवाज चढवून बोलले नव्हते. म्हणाले, मानेविषयी असं बोलणार असशील तर या घरात पाऊल ठेवू नको." त्यानं चहाचा ग्लास टपरीवर ठेवला. "मग मी नाही ठेवलं."

माझ्यावरच्या विश्वासापायी त्यांनी आपलं पोर घालवलं आणि शेवटपर्यंत माझ्याकडेच त्याचा पत्ता विचारत राहिले. मी बूट पुढे केले. सेल्वमनं फडकं सोडलं, बुटात हात घातला. आत वर्तमानपत्राचे बोळे भरलेले होते, आकार बिघडू नये म्हणून. एक बोळा त्यानं उलगडून पाहिला. राव हॉस्पिटलात जायच्या आदल्या आठवड्यातला पेपर होता. त्यानं तो परत नीट चुरगाळून होता तसा आत भरला, बूट फडक्यात बांधले आणि माझ्या हातात दिले. म्हणाला, "रावसारांच्या घरीच असू देत. मी येईन."

गेल्या रविवारी तो आला. महिन्याचा पहिला होता. मी वहिनींकडे आधीच जाऊन बसलो होतो. पुढच्या खोलीत रावांच्या जागेवर, जमिनीवर बसून त्यानं एरंडेलाची वाटी मागितली आणि दोन्ही बुटांना तेल लावलं, शिवणीतून बोट फिरवून, सावकाश. वहिनी भिंतीला टेकून बघत होत्या. त्यांनी कॉफी दिली, ती त्यानं प्यायली, त्यांच्या पाया पडला आणि गेला. पूर्ण वेळात माझ्याशी एक शब्द बोलला नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. बरोबर केलं त्यानं. राव असते तर माझी बाजू घेऊन त्यालाच रागावले असते.