नानांचा फ्यूज अजून माझ्याकडेच आहे

मित्रांनो, आज वायरमनच्या परीक्षेत पास झालो! आठवीत शाळा सोडली, आयटीआय केलंच नाही. पुण्यात राहून फॉर्म भरला, तो ज्यांच्या हाताखाली वायरिंग शिकलो त्या शिंदखेड्याच्या नानांनी दिलेल्या कामाच्या दाखल्यावर.

तोंडी परीक्षेत साहेबांनी विचारलं, "घरात दुरुस्तीआधी काय करशील?"

"मेन बंद करून फ्यूज काढीन आणि स्वतःच्या खिशात ठेवीन. मग कोणी चुकून लाइट चालू करणार नाही."

साहेब खूश! ही शिकवण नानांची. त्यांच्याशी भांडून अर्ध्या कामातून पुण्याला पळालो, तेव्हा त्यांच्या गिऱ्हाइकाचा फ्यूज माझ्या खिशातच राहिला. तरी त्यांनी दाखला दिला.

आज फोन केला तर म्हणाले, "पास व्हयना ना? आते तरी फ्यूज लई ये!"

तुम्हाला पहिलं काम कोणी शिकवलं? मी तर रविवारी फ्यूज घेऊन नानांकडे निघालोय.