सातवं दाभण

रविवार, सकाळी साडेआठ, कोऱ्हाळे बुद्रुकचं स्मशान. हजर: गंगूआत्याचा मुलगा विलास, सून रेखा, भावकीतली माणसं आणि मी, तिची भाची. कारखान्याच्या गोदामात तिच्याबरोबर फाटकी पोती शिवणाऱ्या सहा जणींपैकी एकही नव्हती.

आत्याला जाऊन आता पाच आठवडे झाले. मला मात्र ती बारामतीच्या त्या सभागृहातलीच आठवते... साखर कारखानदारीच्या जुन्या वस्तूंचं प्रदर्शन होतं आणि आत्यानं स्वतःचं आणि त्या सहा जणींची, अशी जपून ठेवलेली सात दाभणं दिली होती. प्रत्येकाच्या नेढ्यात मालकिणीच्या लुगड्याची चिंधी, ओळखीसाठी. मांडणी करणाऱ्या सरांनी घाण म्हणून चिंध्या काढल्या, दाभणं घासून लख्ख केली आणि खाली एकच चिठ्ठी लावली: 'पोती शिवण्याचे साधन'.

"आन् शिवलं कुनी?" आत्यानं विचारलं.

"आजी, सगळ्यांची नावं कुठं लिहिणार?"

"हजेरीतबी असंच व्हतं. मुकादमाचं नाव आन् म्होरं 'बायका सात'. तुमी तर शिकलेलं हाय."

तिनं खुर्ची मागवली आणि एकेक दाभण मुठीत धरून बघायला लागली. "हे सोनाबाईचं. डावरी व्हती, उलटं वाकलंय बघ." ती सांगत गेली, मी लिहीत गेले. नवऱ्याचं नाव लावायचं का, असं मी विचारलं.

"का? त्यानं एक तरी टाका घातलाय व्हय?"

सहा चिठ्ठ्या झाल्या. उरलेलं दाभण आत्यानं तळहातावर उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाली, "ही कळसची. आमी तिला कळसचीच म्हनायचो. दोन हंगाम मांडीला मांडी लावून बसलो, पर नाव आमीबी न्हाय इचारलं."

सर म्हणाले, "मग 'कळस येथील महिला' लिहू."

"कोरी लावा. लाज वाटू द्या समद्यांला. मलाबी."

कोरीच लावली. परवा सरांचा फोन आला. आत्या तर आता नाहीत, कोरी चिठ्ठी बरी दिसत नाही, काढू का... मी म्हटलं, नका काढू, दिसू द्या तशीच.

सुट्टीच्या दिवशी कळसला जाते. गावठाणातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारून झालं, रस्त्याकडच्या वस्त्याही झाल्या. कालव्यापलीकडची वस्ती राहिली आहे.