सत्तर मिनिटांचा बिझनेस क्लास

आखातात राहून विमानाने जगभर हिंडलेली पुष्कळ माणसं मी पाहिली, पण विमानप्रवासाचा खरा आनंद घेणारा माणूस मला एकच भेटला, आणि तोही फक्त सत्तर मिनिटांपुरता घेणारा. ते आमचे साहेब. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात, एका बाजूला गॅरेज आणि दुसऱ्या बाजूला टायरचं गोदाम, अशा जागेत आमची कंपनी होती. युरोपातल्या एका चिमुकल्या डोंगराळ देशात तयार होणारी खुबुसाची मशीनं आम्ही इथल्या बेकऱ्यांना विकायचो. खुबूस म्हणजे इथली मैद्याची, गोल, टम्म फुगणारी भाकरी. साहेब मशीन विकायचे आणि ते बिघडलं की मी दुरुस्त करायचो. वर्षातून दोनदा साहेबांना त्या कारखान्यात जावं लागे. दुबईपासूनचा साडेसहा तासांचा प्रवास ते इकॉनॉमीत गुडघे छातीशी घेऊन करत. मग विमान बदलून त्या देशाच्या राष्ट्रीय विमान कंपनीचं जे सत्तर मिनिटांचं उड्डाण असे, त्याचं तिकीट मात्र पदरचे पैसे घालून बिझनेस क्लासचं काढत. ऑफिसात सगळे सांगून दमले की साहेब, हे उलटं करा. साहेब म्हणत, "अरे, साडेसहा तास मी झोपतो. झोपलेल्या माणसाला कसला आलाय क्लास? जागेपणी बरं वागवा म्हणावं."

बरं, त्या बिझनेस क्लासात विशेष काही असेल तर तेही नाही. खुर्च्या मागच्या लोकांच्याच, तेवढ्याच अरुंद. तीन खुर्च्यांतली मधली रिकामी ठेवायची, तिच्यावर एक फळी बसवायची आणि मागे पडदा ओढायचा, की झाला बिझनेस क्लास. तो पडदाही एका जागी टिकत नसे. प्रवासी जास्त असले की एक रांग मागे, कमी असले की एक रांग पुढे. पण साहेबांना या पडद्याचं अपार कौतुक. "मोठ्या कंपन्यांना माज असतो," ते सांगत. "लहान देशाचं विमान म्हणजे खेड्यातलं लग्न. पंगत कितीही छोटी असो, यजमान स्वतः येऊन वाढतो." साहेब शाकाहारी. एकदा त्यांना जेवणात तीन उकडलेले बटाटे, एक ऑलिव्ह आणि लोण्याची वडी मिळाली. दुसरा कुणी चिडला असता. साहेब आठवडाभर सांगत होते, "पण बटाटे काय सोलले होते! एक डोळा शिल्लक नाही!" परत आले की पहिल्याच सकाळी ते शाईचं पेन काढत आणि विमान कंपनीला आभाराचं पत्र लिहीत. पत्रात बटाट्यांचा उल्लेख असे, उतरताना धक्का न बसल्याचा उल्लेख असे आणि ज्या बाईंनी वाढलं त्यांचं नाव असे. आमचा फिलिपिनो अकाउंटंट विचारायचा, "सर, कंप्लेंट?" साहेब म्हणायचे, "नो, नो. ॲप्रिसिएशन." त्याला त्याआधी आयुष्यात असं पत्र पोस्टात टाकावं लागलं नव्हतं, तो दर वेळी पाकीट उजेडात धरून बघायचा.

हा आभाराचा रोग विमानापुरता नव्हता. दुबईच्या इंटरनॅशनल सिटीतल्या आपल्या एका खोलीच्या फ्लॅटवरून साहेब ज्या बसने येत, तिच्या ड्रायव्हरचे ते उतरताना आभार मानत. त्यासाठी मागच्या दाराने न उतरता पुढे यायचे, आणि मागची गर्दी "यल्ला, यल्ला" म्हणजे चला, चला करत खोळंबायची. भलत्या जागी रस्ता ओलांडला म्हणून ट्रॅफिकच्या पोलिसाने दंड केला तर अक्षर सुंदर आहे म्हणून त्याचेही आभार. मी करमाळ्याचा. वडिलांचं एसटी स्टँडसमोर सायकल दुरुस्तीचं दुकान, घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नाही. आम्हाला मोठ्या माणसांसमोर गप्प राहणं शिकवलं होतं; आभार, तक्रार, दोन्ही मनात. त्यामुळे साहेबांचं हे मोठ्याने बोलणं मला सुरुवातीला जरा थिल्लरच वाटायचं, हे आज लिहिताना लाज वाटते.

मग दोन हजार आठची मंदी आली. शारजाहून दुबईला जाणाऱ्या रस्त्यावरचा रोजचा जॅम एका सकाळी पातळ झाला आणि गंमत अशी की कुणालाच आनंद झाला नाही. नवी मशीनं घ्यायला कुणी तयार होईना. त्यातच कारखान्याचं पत्र आलं की तुमच्या एजन्सीचा आम्हाला उपयोग दिसत नाही, येऊन बोला. आमच्या मालकांना, म्हणजे अरबाबांना, आम्ही दोघं जाऊन भेटलो. ते सज्जन होते, पण स्पष्ट होते. "एजन्सी राहिली तर डिपार्टमेंट राहील. गेली तर खलास, हबीबी." खलास म्हणजे व्हिसा रद्द, आणि मग महिन्याभरात देश सोडायचा. माझ्या बायकोला सहावा महिना चालू होता. वडिलांना मी फोनवर काही बोललो नाही. ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला, पंक्चर काढता काढता, माझा मुलगा दुबईत इंजिनिअर आहे असं सांगत होते.

अरबाबांच्या केबिनमधून बाहेर येताच साहेब म्हणाले, "शिंदे, तू पण चल."

"मी? साहेब, मी काय बोलणार तिथे? माझं इंग्रजी..."

"मशीन तू उघडतोस. मी फक्त ब्रोशर उघडतो. तू बोलायचंस."

आणि त्यांनी माझंही त्या सत्तर मिनिटांचं तिकीट बिझनेस क्लासचं काढलं. मी संकोचाने अर्धा झालो. ते म्हणाले, "अरे, तुझ्या भाषणाची तालीम घ्यायचीय. इकॉनॉमीत शेजारचा ऐकेल."

त्या दिवशी पडदा पार पुढे आलेला होता. मंदीमुळे बिझनेस क्लासची एकच रांग उरली होती आणि त्या रांगेत आम्ही दोघंच होतो. खिडकीशी मी, मधे फळी, कडेला साहेब. हवाईसुंदरी म्हणून ज्या बाई आल्या त्या पन्नाशीच्या, चष्म्याच्या, केस घट्ट बांधलेल्या. आमच्या हायस्कूलच्या मुख्याध्यापिका म्हणून सहज खपल्या असत्या. त्यांनी साहेबांना नावाने हाक मारली आणि म्हणाल्या, "तुमची पत्रं आमच्या ऑफिसात भिंतीवर लावली आहेत." साहेब लहान मुलासारखे लाजले. मग एकदम धीट होऊन म्हणाले, "मॅडम, आज प्रवासी नाहीत. तुम्हाला दहा मिनिटं आहेत का? आमच्या या इंजिनिअरचं भाषण ऐकायला माणूस हवाय."

मला वाटलं, विमानातून उतरता येत असतं तर उतरलो असतो. बाई मात्र कॉफीचं भांडं हातात घेऊन समोर उभ्या राहिल्या. मी उठलो, वरच्या सामानाच्या कप्प्यावर डोकं आपटलं, आणि सुरू केलं. आधी इंग्रजीबद्दल माफी मागितली. मग वेळ घेतल्याबद्दल. मग मशीन फार चांगलं आहे असं सांगितलं आणि पुन्हा माफी मागितली. बाईंनी मला थांबवलं. "तुम्ही चार वाक्यांत तीनदा सॉरी म्हणालात. इंग्रजी माझीही भाषा नाही. तुमची भाकरी फुगते कशी, ते सांगा."

आता हे मला कुणी कधी विचारलंच नव्हतं. मी सांगू लागलो. वरून आणि खालून एकदम आच लागली की आतल्या पाण्याची वाफ होते आणि पापुद्रा सुटतो. पण शारजात उन्हाळ्यात पीठच कोमट असतं, गोळे भट्टीत जायच्या आधीच जास्त फुगून बसतात, म्हणून आम्ही पिठाच्या पाण्यात बर्फ घालतो आणि भाकऱ्या भट्टीतून नेणारा पट्टा कारखान्याने सांगितल्यापेक्षा जोरात पळवतो. शिवाय पट्ट्याच्या साखळीला कारखान्याचं तेल घातलं की इथली बारीक धूळ त्यात बसते आणि त्याची चटणी होते. म्हणून मी तेल बंद करून कोरडी ग्राफाइटची पूड लावतो. चौदा बेकऱ्यांत असं केलंय, एकही साखळी तुटली नाही. बोलता बोलता मी फळीवर चमच्याने पट्टा दाखवत होतो आणि बाईंची कॉफी थंड होत होती.

"हे सगळं तुम्ही कारखान्याला कळवलं, तेव्हा ते काय म्हणाले?" बाईंनी विचारलं.

मी चमचा खाली ठेवला. साहेबांनी मान वळवली. "शिंदे? सर्व्हिस रिपोर्टमध्ये काय लिहितोस तू?"

"मशीन ठीक आहे, असं लिहितो, साहेब."

"प्रत्येक वेळी?"

"हो."

"तीन वर्षं?"

"त्यांनी बनवलेलं मशीन, साहेब. त्यांनाच कसं कळवायचं की तुमचं तेल चालत नाही? बरं दिसत नाही ते."

साहेबांनी दोन्ही हात डोक्याला लावले. "अरे देवा! मी बटाट्याचं पत्र लिहितो आणि हा माणूस तीन वर्षं सगळं ठीक आहे लिहितोय! म्हणून त्यांना वाटतं, शारजात दोन माणसं बसून चहा पितात!" आणि ते इतक्या मोठ्याने हसू लागले की पडद्यामागून एक-दोन डोकी बाहेर आली. बाईंनी काय झालं विचारलं, साहेबांनी सांगितलं. त्या हसल्या नाहीत. माझ्यासमोर नवी कॉफी ठेवून म्हणाल्या, "आमचा देश लहान आहे. इथे कुणी चूक दाखवली की आम्ही आधी रागावतो, मग त्याला घरी जेवायला बोलावतो. रागावले तर थांबू नका."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात अगदी तसंच झालं. चष्मा कपाळावर चढवलेल्या त्यांच्या मुख्य इंजिनिअरने पाच मिनिटं रागावून घेतलं. मी थांबलो नाही. माझ्या तेलकट वहीची पानं त्यांनी एकेक करून पाहिली, एका आकृतीवर बोट ठेवून कुणाला तरी बोलावलं, आणि संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी जेवत होतो. साहेबांना तिथेही बटाटेच होते. एजन्सी राहिली. पण नवी मशीनं कुणी घेणार नव्हतं, त्यामुळे पुढची दोन वर्षं फक्त दुरुस्ती आणि दर महिन्याला माझ्या वहीची नक्कल, असं ठरलं. विक्रीचा त्या कागदात एक शब्दही नव्हता.

हे माझ्या डोक्यात परतीच्या विमानात शिरलं. मी साहेबांकडे बघितलं. ते खिडकीतून खालचे डोंगर बघत होते.

"साहेब, म्हणजे तुमचं काय?"

"मला वाटलं होतं, दोघंही राहू," ते म्हणाले. "एकच राहिला. ठीक आहे, कामाचा राहिला."

"तुम्हाला आधी ठाऊक होतं?"

"अंदाज होता. उगीच माझा पुतळा बांधू नकोस हां. मी माल चांगला विकला असता तर मीही राहिलो असतो. आता डोंबिवलीत बायको गेली अठरा वर्षं सांगतेय, या. जातो." मग वाढायला आलेल्या बाईंकडे वळून त्यांनी लोण्याच्या वडीचं मनापासून कौतुक केलं.

माझी मुलगी मे महिन्यात झाली. साहेब हॉस्पिटलात येऊन गेले, नर्सचे आभार मानून गेले. जूनमध्ये त्यांचा व्हिसा रद्द झाला आणि मी त्यांना दुपारच्या विमानाला सोडायला गेलो. वाटेत म्हणायची तीन वाक्यं मी घरी आरशासमोर पाठ केली होती. साहेब मात्र पूर्ण वेळ मला चांगल्या सर्व्हिस रिपोर्टमध्ये काय काय असावं ते सांगत होते, आणि मला तोंड उघडायला जागाच मिळाली नाही. काउंटरवर बॅग दोन किलो जास्त भरली. मी म्हटलं, "साहेब, मला जरा बोलायचंय." ते म्हणाले, "आधी वजन बघ." त्यांनी बॅग उघडली, तळातून एक जाड लोकरीचा, काळा ओव्हरकोट ओढून काढला आणि माझ्या हातात दिला. "डोंबिवलीत याचं काय करू? आता फेब्रुवारीत कारखान्यात तुलाच जायचंय. थंडी हाडात शिरते. चल, निघ आता, पार्किंगचं मीटर पळतंय." आणि बोर्डिंग पास देणाऱ्या मुलीचे आभार मानून ते आत गेले. त्यांनी मागे वळून पाहिलं की नाही, मला कळलं नाही; माझ्या डोळ्यांपुढे सगळं पातळ झालं होतं.

बाहेर आलो तेव्हा भट्टीसारखं ऊन होतं. का कोण जाणे, मी तो कोट अंगात घातला. बाह्या बोटांच्या पुढे आल्या. टॅक्सीच्या रांगेतला एक पठाण ड्रायव्हर माझ्याकडे बघत राहिला, मग काच खाली करून म्हणाला, "क्या हुआ भाई, बुखार है?"

"नहीं भाई," मी म्हटलं, "हमारा साहब गया."

त्याने पाण्याची बाटली तेवढी पुढे केली. मी ती घेतली, आणि त्याला मोठ्याने थँक यू म्हणालो.