नत्थूभाऊंची बुडी

सायत्राबाईंचा फोन आला तेव्हा मी चंद्रपूरला आमच्या स्कॅन सेंटरमध्ये चहा पीत होते. "डाक्टरबाई, आमचे हे गेले... झोपेतच गेले," एवढंच बोलल्या. महिना होत आला, तरी खरं वाटत नाही. आरमोरीकडच्या तलावांवर मासे धरणारे नत्थूभाऊ माझे ना नातेवाईक, ना शेजारी. पण त्यांच्याइतके प्रश्न विचारून मला आजवर कुणी भंडावलं नाही.

ओळख झाली दोन हजार सालानंतरच्या एका हिवाळ्यात. नत्थूभाऊंच्या पायाचं हाड मोडून ऑपरेशन झालेलं, आणि अचानक धाप लागायला लागली. पायातली रक्ताची गुठळी फुफ्फुसात जाऊन अडकली की काय, ही शंका. असेल तर रक्त पातळ करायचं औषध ताबडतोब हवं. नसेल तर त्याच औषधानं ताज्या जखमेतून रक्त वाहणार. सगळा निवाडा स्कॅनवर होता, त्यासाठी शिरेतून रंगाचं औषध सोडायचं होतं, आणि हे महाशय टेबलावर पडल्या पडल्या मलाच विचारतात, "बाई, याले रंग म्हनता, पन हे त पान्यासारखं दिसून राह्यलं?" मशीनला पांढरं दिसतं, मी म्हटलं. "मंग जाते कुठी?" हाताच्या शिरेतून हृदयात, तिथून फुफ्फुसात, काही सेकंदांचा खेळ, नेमका तेव्हाच फोटो निघाला पाहिजे. "अन् चुकला त?" चुकला तर गुठळी आहे की नाही, काहीच कळत नाही. "बाप्पा!" म्हणाले.

चुकलाच. रंगाचं औषध सगळं गेलं, मशीन वेळेवर फिरलं, आणि पडद्यावर फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्या नुसत्या राखाडी! सुई जागेवर, नळी मोकळी... मी चक्रावले. औषध आणखी एकदाच देता येणार होतं, त्याहून जास्त मूत्रपिंडांना झेपलं नसतं. तेवढ्यात माझ्या शेजारी काचेतून बघणाऱ्या त्यांच्या बायकोनं, सायत्राबाईंनी विचारलं, "हे असे काऊन फुगले हो? तलावात बुडी मारताना फुगतेत तसे." आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "खोल श्वास घ्या, रोखा," असं आम्ही सगळ्यांनाच सांगायचो. या पठ्ठ्यानं, एवढी धाप लागलेली असताना, तळाशी अडकलेलं जाळं सोडवायला जाताना घेतात तसला श्वास घेतला होता! छाती इतक्या जोरात फुगली की पोटाकडचं बिनऔषधाचं रक्त हृदयात ओढलं गेलं आणि हातातून येणारं औषध मागे राहिलं. असं होतं हे वाचलं होतं, पाहत होते पहिल्यांदाच. खोटं कशाला बोलू, त्या काळजीतही मला भारी गंमत वाटली.

आत जाऊन सांगितलं तर नत्थूभाऊ चिडले. "अर्धाच श्वास? मी का लेकरू आहो?" शेवटी सायत्राबाईच माइकवर बोलल्या, "अवो, बुडी मारू नोका. डोंग्यात बसून आहा असं समजा. मासा जाळ्यापाशी आला हाये... आता उगे राहा." उगे राहिले. औषध गेलं, रक्तवाहिन्या पांढऱ्याशुभ्र उजळल्या आणि उजवीकडच्या एका फाट्यात काळा डाग. गुठळी! आम्ही दोघी ओरडलोच. त्याच संध्याकाळी उपचार सुरू झाले आणि माणूस वाचला.

पुढे दर हिवाळ्यात शिंगाड्यांची पिशवी घेऊन यायचे आणि नवे प्रश्न घेऊन यायचे. औषध जाताना अंग गरम काऊन होते? मग ते बाहेर कुठून निघते? माशाले दिलं त त्याच्या कल्ल्यातलं रक्त दिसन का? शेवटच्याचं उत्तर मला तेव्हा आलं नाही, आजही येत नाही. ते मात्र खूश होऊन हसायचे.

ते गेल्यावर सायत्राबाईंना घरी भेटून आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी टेबलावर एक म्हाताऱ्या बाई होत्या. "खोल श्वास घ्या" म्हणणारा मशीनचा रेकॉर्ड केलेला आवाज मी कधीचाच बंद केलाय, स्वतःच सांगते. "साधाच श्वास घ्या, आजी... थांबा." औषध गेलं, फोटो निघाले, सुरेख निघाले. मी पडद्याकडे बघत राहिले. टेक्निशियन हळूच म्हणाला, "मॅडम, आजींना श्वास सोडायला सांगा ना."

मी माइक त्याच्याकडे सरकवला. शेवटी त्यानंच सांगितलं.