आजून थंडी उनी नही

"आजून थंडी उनी नही," थंडी अजून आलीच नाही, असे जिजी सांगत. सांगताना अंगात मुलाचा जुना स्वेटर, त्यावर शाल, कानांवरून घट्ट बांधलेला रुमाल आणि दोन्ही हात काखेत. ऐकणारा हसला, की त्या आतून खोबरेल तेलाची बाटली आणून तिरकी करून दाखवत. तेल एका कडेकडून दुसऱ्या कडेला वाहत जाई. "देखा. पातळ शे."

म्हसावदला त्यांच्या माडीवर मी गेली अकरा वर्षे भाड्याने राहतो आहे. शाळेचे ग्रंथालय सांभाळणे ही माझी नोकरी, आणि गप्प राहणे हा स्वभाव. दोघांचे चांगले जमते. सारी गल्ली त्यांना जिजी म्हणे. मला ते म्हणायला वर्ष लागले.

खोटे न बोलणे हा त्यांचा अभिमान होता. त्यासाठी त्या घेत असलेले कष्ट मात्र पाहण्यासारखे होते. सुरतेहून मुलाचा फोन येई आणि तो विचारी, "जिजी, जेवनी का?" कामाच्या धांदलीत जेवण राहिलेले असे. जिजी फोन तसाच ठेवून टोपलीतल्या भाकरीचा तुकडा मोडत, चावून गिळत आणि मग सांगत, "हां, जेवनू." माझी नजर त्यांच्याकडे गेली की म्हणत, "काय सर? मी खोटं नही बोलस." अशी माणसे तुम्हीही पाहिली असतील. मला मात्र त्यांच्याइतके काटेकोर कोणी भेटले नाही.

त्यांचे यजमान, नाना, अर्धांगवायूने खाटेला खिळले होते. डावी बाजू गेली होती, शब्दही गेले होते. त्यांची खाट ओट्यावर असे. सकाळी शेतावर निघालेल्या बाया, उसाचे ट्रॅक्टर, केळीचे ट्रक, शाळेची मुले, सगळे तिथूनच जात. जाणारा "राम राम नाना" म्हणे आणि नाना उजवा हात वर करत. दिवसभर त्यांना एवढेच काम होते, आणि ते त्यांनी कधी चुकवले नाही.

एका हिवाळ्यात त्यांच्या छातीत कफ साचला. तेव्हा शहाद्याच्या डॉक्टरांनी गार वाऱ्यात ठेवू नका असे बजावले. मुलाने त्यांची खाट आतल्या खोलीत नेली. त्या खोलीला गल्लीच्या बाजूने खिडकी नव्हती. नाना भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. जिजी घास पुढे करत, ते तोंड मिटून घेत. होळीला खाट बाहेर आली तेव्हा त्यांचा हात छातीपर्यंतच उचलला जात होता. तो पुन्हा वर जायला आषाढ उजाडला.

तेव्हाच मायलेकांचे ठरले होते. खोबरेल गोठेल त्या दिवशी थंडी आली असे धरायचे, आणि त्याच दिवशी खाट आत न्यायची.

दिवाळी झाली. सातपुड्याकडून वारा उतरू लागला. पहाटे घरोघरी पाणी तापवण्याचे बंब धुरू लागले. माझ्या बाटलीतले तेल पांढरे, घट्ट झाले. मुलगा रोज फोनवर विचारी, "तेल गोठनं का?" आणि जिजी सांगत, "नही रे भाऊ, पातळच शे."

एकदा मी माझी बाटली शेकायला खाली गेलो. घरात गॅस असूनही जिजींची भाकरी चुलीवरच होई. चुलीच्या मागच्या कोनाड्यात त्यांची बाटली उभी होती, काचेला हात लावला तर चटका बसावा इतकी गरम. जिजी कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्या आत सारत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. "तठेच ठेवा तुमनीबी," एवढेच म्हणाल्या.

मी ठेवली. त्या दिवसापासून रोजच ठेवू लागलो.

त्या शनिवारी मुलगा न कळवता आला. नाना ओट्यावर होते, डोक्यावर माकडटोपी, अंगावर दोन गोधड्या, हात वर. मुलाने बाटली मागितली. जिजींनी दिली. त्याने ती उलटीसुलटी केली आणि मी जिन्यावरून उतरत होतो तर मलाच विचारले, "सर, तुमचं तेल गोठलं का हो?"

मला जिजींना सांभाळून घ्यायचे होते. विचार करायला वेळ मिळाला असता तर मी काही बरे बोललो असतो. घाईत म्हणालो, "नाही हो, माझंही पातळच आहे. चुलीमागे ठेवलं की राहतं पातळ."

मुलगा स्वयंपाकघरात जाऊन कोनाडा पाहून आला.

"जिजी, तू खोटं बोलनी."

"तेल पातळ शे का नही? सांग. शे का नही?"

"बाबासले काही झालं तर?"

सायंकाळी खाट आत गेली. उचलताना नानांनी उजव्या हाताने ओट्याचा खांब धरून ठेवला होता. मुलाने एकेक बोट सोडवले. रविवारी तो सुरतेला परतला. जाताना त्याचे डोळे लाल होते.

मी क्षमा मागायला खाली गेलो. शब्द जुळवून ठेवले होते, पण जिजींनी ते उच्चारू दिले नाहीत. "सर, गवंडी कोठे ऱ्हास, माहीत शे का?"

मंगळवारी आतल्या खोलीची गल्लीकडची भिंत फोडायला सुरुवात झाली. उभ्या आयुष्यात ज्या भिंतीत त्यांनी खिळा ठोकू दिला नव्हता, तिच्यात जमिनीपासून दोन फुटांवर, खाटेच्या उंचीला, भोक पडले. गवंडी म्हणाला, "जिजी, खिडकी का कोंबडासना दरवाजा?" जिजी म्हणाल्या, "तू काच नीट बसाड. वारा उना तर तुले आठे झोपाडसू."

पहिल्या दिवशी खिडकीत एक शेळी येऊन उभी राहिली आणि काचेला नाक लावून नानांकडे पाहू लागली. नानांनी तिलाही हात केला. दोन दिवसांत गल्लीला सवय झाली. लोक चालता चालता किंचित वाकत आणि राम राम करत. नाना त्या हिवाळ्यात पोटभर जेवले.

ते गेले ते वैशाखात, उन्हाच्या तडाख्यात. जिजींना मुलगा सुरतेला घेऊन गेला. नवव्या मजल्यावर घर आहे. खालचे घर बंद असते. किल्ली माझ्याकडे आहे.

परवा त्यांचा फोन आला. थंडीची चौकशी झाली. मी विचारले, "तिथे खिडकी मोठी असेल ना?"

"मोठी शे. आभाळ दिखस." मग म्हणाल्या, "सर, आते गल्लीमा कोन जाई ऱ्हायना?"

मी फोन कानाला धरून ओट्यावर आलो. कापूस वेचणाऱ्या बाया चालल्या होत्या. मी सांगितले. मागून उसाचा ट्रॅक्टर येत होता, तेही सांगितले. एका बाईने, मी कोणाशी बोलतो आहे, असे विचारले. "जिजींशी," मी जरा मोठ्याने म्हणालो, आणि फोन तिच्या हातात दिला.