बिब्याखालचा डाग

नागपूरच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "टाचेला काय लावत होता?" मी म्हटलं, "बिबा." त्यांनी कपाळाला हात लावला. आता यात कपाळाला हात लावण्यासारखं काय होतं? पायात काटा रुतला की तापवलेल्या बिब्याचा सुईने चटका द्यायचा, हे आमच्या करडी गावाकडे पोरीबाळींनाही ठाऊक आहे. धानाची रोपं लावताना, रोवणीच्या चिखलात, टाचेत काटा मोडला, असं मी धरून चालले होते. बिब्याचा चटका काळाच उमटतो, म्हणून डाग पसरत गेला तरी मला वाटलं, बिबा लागला. वर्षभर चटके देत राहिले, आणि खाली काटा नव्हताच. लोक दुसऱ्याच्या कामात बिब्बा घालतात, मी स्वतःच्याच पायात घातला!

डागाचा तुकडा काढून तपासला. मेलानोमा निघाला, म्हणजे चामडीचा कॅन्सर. "बिब्याने झाला नाही," डॉक्टर म्हणाले, "पण बिब्याने तो लपवला." मला माझाच इतका संताप आला की रडायचंही सुचलं नाही.

ऑपरेशनमध्ये टाचेची चामडी चांगली रुंद कापून काढली आणि मांडीची चामडी तिथे लावली. जांघेतली एक गाठही काढून तपासली, ती साफ निघाली. घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मला मात्र एकच विचारायचं होतं, "आषाढापर्यंत चिखलात उतरता येईल ना?" पंधरा बायकांच्या रोवणीत पहिली ओळ माझी असते. माझ्या हाताकडे पाहून बाकीच्या रोवतात.

"आता कधीच नाही," डॉक्टर म्हणाले. "ही चामडी पातळ आहे. कापलं तरी तुम्हाला कळणार नाही, आणि जखम चिघळली तर पाय जाईल."

मग खाटेवर, दोन उशांवर पाय ठेवून, दीड महिना. टाचेपेक्षा मांडीच जास्त आग करायची. त्यात भेटायला येणारे! एकीने मुरमुऱ्याचे लाडू आणले आणि अशाच दुखण्याने गेलेल्या मामेसासऱ्याची गोष्ट लाडू संपेपर्यंत सांगितली. जाताना प्रत्येकाचं तेच, "जीव वाचला ना, मंग झालं तं." अरे, वाचला हे कबूल. पण तो वाचलेला जीव घेऊन मी करू काय? खाटेवर पडून छताचे वासे मोजू?

आषाढात बांधी, म्हणजे धानाचं वावर, चिखलून तयार झाली. मला मऊ तळाचे बूट घालून कडेच्या बांधावर, धुऱ्यावर उभं केलं. बायका रोवू लागल्या आणि ते पाहून माझं पित्त खवळलं.

"अवं, इतकं दाट काहून रोवून राहिली?"

"तू बस ना सावलीत, बाई," एक जण वर न बघताच म्हणाली. "जीव वाचला तुहा."

झालं. मी बूट काढला, मोजा काढला आणि पाय खाली सोडला.

पाय चिखलाला लागलाच नाही. आमचे हे रोपांच्या पेंढ्या टाकत होते, त्या फेकून धावत आले. चिखलात गुडघे टेकले आणि माझा घोटा दोन्ही हातांनी वर धरला. लग्नाला तीस वर्षं झाली. नवऱ्याने बायकोच्या पायाला हात लावायचा नसतो, अशा घरांत आम्ही दोघेही वाढलो. सगळ्या बायकांचे हात थांबले.

"सोडा जी! बाया पाहून राहिल्या."

"पाहू दे," ते म्हणाले. "धान वाकडं रोवलं तरी पिकते. तुले मी कुठून आणू?"

मला त्यांचा राग आला, त्या बायकांचा आला, आणि भरून आलेल्या माझ्या डोळ्यांचा सगळ्यात जास्त आला. मी बूट घातला आणि धुऱ्यावरूनच ओरडत राहिले, "अवं, विरळ रोवा!"